रुळांखालची हलकी जमीन

एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या मालगाडीचं वजन किती असतं? सहा इंची वाघिणीसाठी अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने सुचवलेलं वजन चार औंस आहे, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. अशा वीस वाघिणी आणि पुढे चारशे ग्रॅमचं इंजिन धरलं तरी अख्खी गाडी पावणेतीन किलोच्या आत राहते, आणि तीही साडेतीन मीटर लांबीवर पसरलेली. एका मीटरला जेमतेम पाऊण किलो. एवढा भार पेलायला अनेक दशकं रुळांखाली पाऊण इंची प्लाय, त्याखाली पाइनच्या पट्ट्यांची चौकट आणि त्याखाली जाडजूड पाय असा थाट होता. घरात छोटी रेल्वे मांडणाऱ्यांपैकी कित्येक जण आजही तसंच करतात. निम्म्याहून कमी वजनात हे काम होतं का आणि ते फोमवर होतं का, हा वाद या छंदात बराच काळ चालू आहे. त्यात जे खरोखर निश्चित झालं आहे आणि जे नुसतं तोंडोतोंडी फिरतं, ते वेगळं काढण्याची वेळ आली आहे.

लाकडाचा आग्रह वेडेपणाचा नव्हता. अमेरिकेतला छंद तळघरात वाढला. तिथे मांडलेला लेआउट घर विकेपर्यंत हलत नसे. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी १९६० च्या दशकात एल-गर्डरची पद्धत रुजवली. दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात जोडून इंग्रजी एल अक्षरासारखा दांडा करायचा, त्यावर आडव्या पट्ट्या आणि त्यांवर रुळांच्या वाटेपुरते उभे आधार. ती पद्धत उत्तम होती, आजही आहे. कमी लाकडात ताठपणा मिळतो आणि नंतर एखादी आडवी पट्टी खालून स्क्रू काढून सरकवता येते. रुळांखाली होमासोट, म्हणजे कागदाच्या लगद्याचा दाबून केलेला तक्ता. डोंगरांसाठी प्लास्टरमध्ये बुडवलेल्या कागदी टॉवेलांचं कवच. सगळंच जड, पण उचलायचं कोणाला होतं?

उचलायची वेळ आली ती मॉड्यूल आल्यावर. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात एन या एचओहून लहान मापासाठी एनट्रॅक सुरू झालं. दोन बाय चार फुटांचे तुकडे घरी बनवायचे आणि प्रदर्शनात एकमेकांना जोडून मोठी रेल्वे उभी करायची. युरोपात १९८१ मध्ये फ्रेमो ही संघटना स्थापन झाली आणि तिथेही हाच विचार अधिक शिस्तीने आला. टेक्सासच्या डेव्हिड बॅरो यांनी १९९० च्या दशकात घरातला लेआउटसुद्धा ठरावीक मापाच्या सुट्या तुकड्यांचा करावा असं सुचवलं आणि त्या तुकड्यांना डॉमिनो म्हटलं. भाड्याचं घर, बदलीची नोकरी, चौथा मजला, छोटी मोटार. वजनाचा प्रश्न या सगळ्यांतून आला आहे. म्हणून ज्याचा लेआउट कायम एका जागी राहणार आहे त्याने फोमकडे वळावंच, असं मी म्हणणार नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय पाहताना कोणालाही कळेल की अशा कायमच्या मांडणीत रोजची दुरुस्ती आणि टिकाऊपणा आधी येतो, हलकेपणा नंतर.

फोम म्हणजे नेमका कोणता, यावरच निम्मे गैरसमज होतात. आपण ज्याला थर्माकोल म्हणतो तो मण्यांचा पॉलिस्टायरीन. जर्मनीत बीएएसएफ कंपनीत फ्रित्झ स्टास्टनी यांनी १९४९ च्या सुमारास हे फुगणारे मणी शोधले. वाफेने फुगून ते एकमेकांना चिकटतात. कापला की पांढरा चुरा उडतो आणि कपड्यांना, हातांना, गाडीच्या चाकांना चिकटतो. दुसरा प्रकार एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीन, सोयीसाठी एक्सपीएस म्हणू. स्वीडनच्या कार्ल मुंटर्स यांच्या पेटंटवरून आणि डाऊ केमिकलच्या रे मॅकिंटायर यांच्या कामातून तो पुढे आला. १९४२ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने जीवरक्षक तराफ्यासाठी तो घेतला, कारण त्यात पाणी शिरत नाही. डाऊचा निळा आणि ओवेन्स कॉर्निंगचा गुलाबी तक्ता मुळात इमारतींचं उष्णतेपासून रक्षण करण्यासाठी विकला गेला आणि छंदवाल्यांनी तो उचलला. त्याच्या पेशी बारीक आणि बंद असतात, सुरी स्वच्छ चालते, कड टिकते. रुळांच्या थेट खाली एक्सपीएस आणि उंच डोंगराच्या पोटात हवा तर थर्माकोल, एवढा नियम पुरे आहे.

आता वजन. चार बाय दोन फुटांचा तुकडा घेऊ. अठरा मिलिमीटर प्लायचा पाट सुमारे आठ किलोचा होतो आणि पाइनची चौकट तीन किलोंची, म्हणजे अकरा किलो. त्याच मापाचा ५० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस सव्वा किलोचा आणि सहा मिलिमीटर प्लायच्या दहा सेंटिमीटर उंच पट्ट्यांची चौकट दीड किलोची. गोंद धरून तीन किलो. फरक प्रचंड आहे. पण या तुकड्याच्या निम्म्या भागावर सहा मिलिमीटर जाड प्लास्टर थापलं, तर अडीच किलो पुन्हा आले. हलका पाया घालून त्यावर जड डोंगर बांधण्याची चूक फार लोक करतात. ज्याला वजन वाचवायचं आहे त्याने ते रुळांपासून झाडांपर्यंत वाचवावं. फोमच कोरून त्यावर पातळ लेप द्यावा, किंवा नुसता पाण्याचा मातकट रंग.

मजबुतीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि इथेच सगळ्यात जास्त ढिसाळ बोललं जातं. पन्नास मिलिमीटर फोम हातात धरला की ताठ वाटतो. ढोबळ हिशेब केला तर बारा मिलिमीटर प्लाय त्याच्याहून सहापटीच्या आसपास अधिक ताठ असतो. दोन टोकांवर टेकवलेला नुसता फोम रोजच्या भाराखाली हळूहळू कायमचा वाकतो, कारण पॉलिस्टायरीन दीर्घकाळच्या भाराखाली सरकत राहतो. तक्त्यावर छापलेली दाब सोसण्याची क्षमता थोड्या वेळच्या चाचणीतली असते, आणि तीही जाडी दहा टक्के दबेपर्यंतची. कायमच्या भारासाठी तिचा तिसरा-चौथा हिस्साच धरावा. आता १५ पौंड प्रति चौरस इंच क्षमतेचा फोम घ्या, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. मागचा घसरलेला डबा उचलायला कोणी कोपरावर वीस किलो भार देऊन वाकलं, आणि कोपराचा टेकू दहा चौरस सेंटिमीटर असला, तर दाब दुप्पट होतो. तिथे खळगा पडणारच. गाडीचा भार हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे माणसाच्या कोपराचा.

यावरचं उत्तर विमानांच्या कारखान्यात केव्हाच मिळालं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या मॉस्किटो विमानाचं धड पातळ प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड चिकटवून बनवलेलं होतं. बाहेरचे थर ताण आणि दाब घेतात, मधला हलका गाभा त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. पन्नास मिलिमीटर एक्सपीएसच्या वर-खाली तीन-तीन मिलिमीटर प्लाय पक्का चिकटवला, तर तो तक्ता बारा मिलिमीटर प्लायच्या दहापटीहून अधिक ताठ होतो आणि तरी वजनाने कमी भरतो. मला वाटतं, या संपूर्ण चर्चेतलं खरं ज्ञान एवढंच आहे. फोम भार वाहत नाही, भार वाहणाऱ्या पातळ कातड्यांना तो जागेवर धरतो. अमेरिकेत एन मापाचे असंख्य लेआउट घराच्या पोकळ दारावर उभे राहिले तेही याच कारणाने. आतल्या बाजूला कागदी जाळी, बाहेर पातळ लाकडी पापुद्रे, लांबी ८० इंच. त्यावर दोन इंची फोम टाकला की पाया तयार. सुताराशिवाय झालेलं हे काम मला अनेक महागड्या चौकटींपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

प्रत्यक्षात तीन पद्धती दिसतात. नुसत्या फोमचा पेटीसारखा पाया, चौकटीवर ठेवलेला फोम, आणि वर सांगितलेला चिकटवलेला थर. पहिली पद्धत लहान मांडणीपुरतीच ठीक आहे. अमेरिकेतले कार्ल आरेंड्ट हे चार चौरस फुटांच्या आतल्या सूक्ष्म लेआउटांचे मोठे प्रचारक होते. त्या मापात दोन्ही बाजूंना कागद असलेल्या फोमबोर्डची पेटी सुद्धा चालते. जपानमधून पसरलेल्या टी-ट्रॅकमध्ये एक तुकडा जेमतेम ३१ सेंटिमीटरचा असतो आणि टेबलावर बसतो, तिथेही ताकदीचा प्रश्न येत नाही. त्यापलीकडे नुसता फोम म्हणजे कडा फुटणं, कोपरे दबणं आणि पाय कुठे लावायचे याची रोजची विवंचना. दुसरी पद्धत सर्वांत प्रचलित आहे, आणि ती बिघडते ती एकाच कारणाने. फोम चौकटीवर नुसता ठेवलेला किंवा चार थेंबांनी अडकवलेला असतो. सगळ्या कडांवर सलग गोंद लावला की चौकट आणि फोम एकत्र काम करतात आणि पीळ पडणं थांबतं. शंका असेल त्याने तुकड्याचा एक कोपरा उचलून पाहावा. शेजारचा एक कोपराही त्याच्याबरोबर लगेच उचलला गेला, तर काम बरोबर झालं आहे.

फोमचा दुसरा गुण मात्र वजनाहून मोठा आहे, आणि तो भूगोलाचा आहे. खरी रेल्वे सपाट पाटावरून जात नाही. ओढा रुळांच्या खाली असतो, भराव वर असतो, शेत एखाद्या पायरीने उतरतं. प्लायच्या पाटावर सगळं रुळांच्या वरच वाढतं आणि जग टेबलासारखं दिसतं. चार इंच फोमचा थर असला की खाली कोरता येतं. नाला, मोरी, पुलाखालची दरी, सगळं सुरीने. वुडलँड सीनिक्सच्या दोन, तीन आणि चार टक्के चढाच्या तयार पट्ट्या हेच काम सोपं करतात. दोन टक्के म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर, आणि डोळ्याला तो भरपूर वाटतो. सुतारकाम न येणाऱ्या माणसाला अशी जमीन घडवता आली, हे फोमचं या छंदावरचं खरं ऋण आहे.

गोंदाबाबत मात्र बेफिकिरी चालत नाही. सॉल्व्हेंट असलेला कोणताही चिकट पदार्थ, म्हणजे चपला-रेक्झीनला लावतात तो सिंथेटिक रबराचा गोंद, बरेचसे स्प्रे गोंद आणि डबीतला स्प्रे पेंट, पॉलिस्टायरीन विरघळवतो. अ‍ॅसिटोन आणि टोल्यूइन त्याला मेणासारखं खातात. लाकडाचा पांढरा फेव्हिकॉल सुरक्षित आहे, पण तो पाणी उडून वाळतो आणि दोन बंद पेशींच्या तक्त्यांमधून पाणी जायला वाट नसते. कडा घट्ट होतात, मध्यभाग आठवडाभरानेही ओला सापडतो. प्लाय आणि फोम यांच्यात तो चालतो, कारण लाकूड पाणी ओढून घेतं. फोमवर फोम चिकटवायला पाण्यावर आधारलेला अ‍ॅक्रिलिक सीलंट, किंवा फोमसाठीच बनवलेला बांधकामाचा गोंद चांगला. पॉलियुरेथेन गोंद फुगतो, म्हणून वर वजन ठेवावंच लागतं.

कापण्यासाठी तापलेल्या नायक्रोम तारेचं कौतुक फार होतं. तार थर्माकोलला खरंच योग्य आहे, कारण चुरा होत नाही. पण वाफ होते. त्या वाफेतल्या स्टायरीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकलं आहे. जुन्या इमारतीतून काढलेल्या तक्त्यांत एचबीसीडी हा आग मंदावणारा पदार्थ असू शकतो, आणि तो २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेला. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने, आणि तार लाल होईपर्यंत तापवायची नाही. पिवळसर पॉलियुरेथेन किंवा पीआयआर तक्ता तारेने कधीच कापू नये, त्यातून निघणारा धूर विषारी असतो. एक्सपीएससाठी मी लांब पात्याची धारदार सुरी आणि कानस हीच चांगली मानतो. चुरा पडतो, तो व्हॅक्युमने उचलावा. पॉलिस्टायरीन पेटतो आणि काळा दाट धूर सोडतो, म्हणून रुळांचे सांधे डाखताना खाली ओलं कापड ठेवावं आणि इमारतींमध्ये तापणारे जुने बल्ब न लावता एलईडी लावावे.

फोम आवाज गिळतो ही समजूत सर्वांत जास्त पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. आवाज शोषणारे पदार्थ उघड्या पेशींचे असतात, काचलोकरीसारखे. एक्सपीएस बंद पेशींचा, हलका आणि ताठ आहे, म्हणजे स्पीकरच्या पडद्याला लागतात नेमके तेच गुण त्याच्यात आहेत. इंजिनाच्या मोटारीची थरथर रुळांतून खाली आली की तो ती मोठी करून ऐकवतो. खालून बंद पेटी असेल तर आणखी घुमतं. यात दोष अनेकदा खडीचा असतो. रुळांखाली कॉर्क घातलं, पण वर खडी पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने पक्की केली, की ती दगडासारखी होऊन कॉर्कला वळसा घालते आणि थरथर थेट फोमला देते. रूळ आणि कॉर्क लवचीक राहणाऱ्या सीलंटने चिकटवावे, खडीसाठी वाळल्यावरही थोडा मऊ राहणारा अ‍ॅक्रिलिक माध्यमाचा गोंद घ्यावा आणि पेटी खालून उघडी ठेवावी.

सांधे बदलणारी यंत्रं हा लाकडाच्या बाजूने राहिलेला खरा युक्तिवाद आहे. फोममध्ये स्क्रू धरत नाही. खालून बसणाऱ्या टॉर्टस यंत्राची सोबत येणारी तार पातळ असते. पन्नास मिलिमीटर फोममधून वर येईपर्यंत ती वाकते आणि सांधा अर्धाच सरकतो. एक मिलिमीटरच्या आसपासची स्टीलची तार घातली आणि यंत्र प्लायच्या चौकोनी तुकड्यावर बसवून तो तुकडा फोमला चिकटवला, तर काम होतं. पेकोच्या सांध्यात स्प्रिंग आतच असते, तो बोटानेही बदलता येतो आणि त्या जागेवर टिकतो. लहान लेआउटवर मला हाच मार्ग पटतो.

एक धोका असा आहे की तो वर्षानुवर्षं दिसत नाही. वायरींवरचं पीव्हीसी मऊ ठेवणारा पदार्थ पॉलिस्टायरीनच्या स्पर्शाने हळूहळू फोममध्ये उतरतो. वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं आणि फोम तिथे चिकट, खचलेला होतो. इमारतींच्या वायरिंगमध्ये हे माहीत असलेलं आहे. छंदाच्या लिखाणात मात्र ते क्वचित सापडतं. बारा-सोळा व्होल्टवर शॉक बसणार नाही, पण शॉर्टसर्किट होऊ शकतं, आणि डीसीसी या डिजिटल नियंत्रणाच्या पद्धतीत रुळांना काही अँपिअर प्रवाह मिळत असतो. वायरी फोमच्या चरांत पुरू नयेत. त्या चौकटीच्या लाकडाला धरून न्याव्यात आणि फोममधून वर येताना प्लास्टिकच्या स्ट्रॉमधून काढाव्यात. खरेदी करताना ते स्ट्रॉ पॉलिप्रॉपिलीनचे आहेत का, एवढं पाहावं.

पावसाळ्याचा विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. पाइनची फळी दमट हवेत तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते आणि पिळते. ऑगस्टमध्ये मुंबईत किंवा रत्नागिरीत ठीक बसलेला सांधा मे महिन्यात उघडा पडतो. एक्सपीएस पाणी घेत नाही, त्याचा हा फायदा निर्विवाद आहे. उष्णतेने मात्र तो लाकडापेक्षा बराच जास्त पसरतो. चार फुटांच्या तुकड्यात वीस अंशांच्या फरकाने दीड मिलिमीटरहून अधिक, तर निकेल-सिल्व्हरचे रूळ त्याच फरकात अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. फोम प्लायला सलग चिकटवला असेल तर प्लाय त्याला आवरून धरतो. चिकटवलेल्या थराच्या बाजूने बोलणारं हे आणखी एक कारण. वाळवी फोम खात नाही, पण पोखरून जाते, म्हणून पाय भिंतीपासून थोडे दूर ठेवावेत.

मालाचं म्हणाल तर महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीच्या वस्तूंवर बंदी आली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवासाठी मखरांना सूट द्यायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. ती बंदी योग्य होती. दहा दिवसांच्या मखरासाठी शेकडो वर्षं न कुजणारा कचरा करणं कशानेच समर्थनीय नव्हतं. वीस वर्षं वापरायच्या पायासाठी फोम घेणाऱ्यानेही तीच फूटपट्टी स्वतःला लावावी. तक्ता मोजून घ्यावा, तुकडे डोंगरांच्या पोटात भरावेत, चुरा नाल्यात जाऊ देऊ नये. एक्सपीएस सजावटीच्या दुकानात मिळत नाही. तो गच्चीवर उन्हाचा त्रास कमी करायला घालतात आणि शीतगृहांच्या भिंतींत वापरतात, म्हणून ते काम करणाऱ्या ठेकेदाराकडे किंवा त्यांच्या पुरवठादाराकडे विचारावं. उरलेले तुकडे तिथे अनेकदा पडून असतात, आणि दोन मॉड्यूलना तेवढे पुरतात. टोकांच्या पट्ट्या मात्र बारा मिलिमीटर प्लायच्याच घ्याव्यात. दोन तुकडे एकमेकांना जोडणारे बोल्ट, रेषेत आणणाऱ्या खुंट्या आणि पायांच्या खाचा यांना घट्ट लाकूडच लागतं.